फायबर आल्यावर घरची जुनी लँडलाइन बंद करायची आहे. कोणता क्रम पाळावा?

मृदगंध

नमस्कार. आईच्या घरी गेल्या महिन्यात फायबर ब्रॉडबँड बसवून घेतले. त्याआधीचे इंटरनेट लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवरूनच येत असे आणि ते वरचेवर तुटत असे. आता ती तक्रार उरलेली नाही. त्यामुळे जुन्या लँडलाइनचे भाडे आणखी किती दिवस भरत राहायचे, असा प्रश्न माझ्या भावाने काढला आहे आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे मला पटते. तरीही अर्ज देऊन मोकळे व्हावे, एवढी निश्चिंती मला वाटत नाही. त्याची कारणे लिहिते.

आई ७९ वर्षांची आहे आणि दिवसाचा बराचसा वेळ घरात एकटी असते. तिच्याकडे मोबाइल आहे, पण तो हटकून दुसऱ्या खोलीत राहिलेला असतो किंवा त्याची बॅटरी उतरलेली असते. लँडलाइनचा फोन मात्र तिच्या पलंगालगतच्या तिपाईवर आहे. ५ या आकड्याच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो, तो चाचपून ती दिवा न लावताही आमचा नंबर फिरवते; मध्यंतरी तिला रात्री चक्कर आली, तेव्हा तिने मला असाच फोन केला होता. हा क्रमांक ३१ वर्षे आमच्याकडे आहे. तिच्या डॉक्टरांकडे, बँकेत आणि सगळ्या नातेवाइकांकडे तोच नोंदलेला आहे.

आणखी एक अडचण अशी की, जोडणी अजूनही वडिलांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. बिल बँकेतून आपोआप वळते होत असल्यामुळे नाव बदलून घेण्याचे आमच्याकडून राहूनच गेले.

फायबर देणारी कंपनी वेगळी आहे. जोडणी करायला आलेल्या मुलाने भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवून ‘हवा तर फोन यातच लावा’ एवढेच सांगितले आणि तो निघून गेला. डबीच्या मागच्या बाजूस फोनचे चित्र असलेले एक रिकामे भोक खरोखरच आहे. त्यात आईचा आहे तोच फोन चालेल का, वीज गेल्यावर तो चालू राहील का, जुना क्रमांक टिकवता येईल का आणि या सगळ्यात आधी काय करावे व नंतर काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


तारयंत्री

मी २८ वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि बाहेरच्या लाइनवर काम केले आहे. आपल्या प्रश्नांपैकी विजेचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बहुतेक घरांत तो जुनी जोडणी तोडून झाल्यानंतर, वीज गेलेल्या पहिल्या रात्री लक्षात येतो. आपल्याला तो आधीच सुचला, हे फार बरे झाले.

जुना, वायरचा साधा फोन घरातल्या विजेवर चालतच नाही. एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारांवर उणे ४८ व्होल्टचा दाब सतत दिलेला असतो. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते, काही मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळते की या घरी फोन उचलला गेला आहे. मग तिकडून डायल टोन येतो. घंटा वाजवण्यासाठी याच तारांवर साधारण ७५ ते ९० व्होल्टचा, सेकंदाला २० ते २५ आवर्तनांचा प्रत्यावर्ती दाब सोडला जातो. रोझेट, म्हणजे फोनची तार जिथे येऊन संपते ती भिंतीवरची डबी, उघडून तारा जोडत असताना नेमका कोणाचा फोन आला, तर बोटांना बसणारा तो झटका कोणताही लाइनमन विसरत नाही. दाब उणे ठेवण्यामागेही विचार आहे: तो धन ठेवला असता, तर जमिनीखालच्या ओलाव्यात तांबे विद्युत-विघटनाने झिजत गेले असते. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांगच्या रांग असते आणि तिच्या पाठीशी जनरेटर असतो. म्हणूनच सगळ्या घरांत अंधार असतानाही आईंच्या फोनमध्ये डायल टोन ऐकू येत असे.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरोघरी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, त्यामुळे एकाच तंतूवर दोन्ही दिशांची वाहतूक होते. पण फोनची घंटा वाजवण्याइतकी वीज त्या तंतूतून आणण्याची सोय नाही. आपण जिला पांढरी डबी म्हणता, ती ओएनटी आहे. प्रकाशाचे रूपांतर विद्युत संदेशात तीच करते, आणि तिला वीज लागते ती आपल्या घरातली. घरातली वीज गेली की रस्त्यावरचा फायबर धडधाकट असूनही ओएनटी विझते आणि तिला लावलेला फोनही मुका होतो.

आईंचा फोन त्या भोकात चालेल. तो एफएक्सएस पोर्ट आहे. एक्स्चेंज जे काम करत असे, म्हणजे फोनला दाब पुरवणे, डायल टोन देणे, घंटा वाजवणे, ते तो छोट्या प्रमाणावर घरातच करतो. मात्र फायबर कंपनीने आपल्या खात्यावर आवाजाची सेवा सुरू करून त्या पोर्टला क्रमांक जोडून द्यावा लागतो. नुसती वायर खोचून टोन येणार नाही. आईंचा फोन बटणांचा आहे, त्यामुळे काळजी नाही. फिरत्या चकतीचा असता तर गोष्ट वेगळी होती. चकतीचा फोन प्रत्येक आकड्यासाठी तितके ठोके पाठवतो, शून्यासाठी दहा, आणि बऱ्याचशा नव्या डब्यांना ही ठोक्यांची भाषा कळत नाही. बटणांचा फोन दर आकड्याला दोन स्वर एकदम पाठवतो; ते सगळ्यांना कळतात. आईंच्या फोनच्या पोटाशी ‘टोन’ आणि ‘पल्स’ असे बटण असेल, तर ते ‘टोन’वर आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

विजेवर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ओएनटीसाठी आणि, राउटर वेगळा असल्यास, त्याच्यासाठीही छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीतून वीज पुरवणारी डबी, घ्यावा. घेण्यापूर्वी दोन्हींच्या अडॅप्टरवरची अक्षरे वाचावीत: व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि यूपीएसची अँपिअर क्षमता अडॅप्टरवरच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त पाहिजे. समजा दोन्ही मिळून १२ वॉट घेतात आणि यूपीएसची बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे, तर कागदावर चार तास येतात. प्रत्यक्षात तीन तास धरून चालावे, आणि बॅटरी जुनी होत जाईल तसे तेही कमी होतील. आवाजाची सेवा थेट ओएनटीतूनच येत असेल, तर राउटर बॅकअपवर न ठेवता एकट्या ओएनटीला वीज दिली तरी फोन चालतो आणि बॅटरी जास्त वेळ पुरते. हेही ध्यानात ठेवावे की कॉर्डलेस फोनच्या तळाला स्वतंत्र वीज लागते, तेव्हा आईंच्या तिपाईवर वायरचा फोनच असू द्यावा.

दुकानदार किती तास सांगतो यावर न जाता आपण स्वतः चाचणी घ्यावी. एका सुट्टीच्या दिवशी घराचे मुख्य बटण बंद करून घड्याळ लावून बसावे आणि दर अर्ध्या तासाने रिसीव्हर उचलून टोन ऐकावा. तो कधी गेला, ते लिहून ठेवावे.


कंदील

तारयंत्री यांनी सांगितलेल्या गोष्टीला जोडून एक विनंती करतो. वयस्कर व्यक्तीच्या घरात लँडलाइनवर फोनशिवाय आणखी काय काय टांगलेले आहे, ते अर्ज देण्यापूर्वी भिंतीलगत फिरून पाहावे. गळ्यात घालायची मदतीची कळ, चोरघंटा, लिफ्टमधला आणीबाणीचा फोन, फॅक्स यंत्र ही सगळी साधने जुन्या तारेच्या भरवशावर बनवलेली असू शकतात. चोरघंटा आणि मदतीची कळ आपला निरोप पलीकडच्या केंद्राला अनेकदा स्वरांच्या भाषेत पाठवतात. आवाज इंटरनेटच्या मार्गाने संक्षिप्त (कॉम्प्रेस) करून पाठवला गेला, तर माणसाला बोलणे स्पष्ट ऐकू येते, पण हे स्वर बिघडू शकतात. डबी जोडलेली दिसते, दिवा हिरवा दिसतो आणि निरोप मात्र पोहोचत नाही, असे होते.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये तांब्यावरचे फोन इंटरनेटवर नेताना काही घरांतली मदतीची कळ ऐन वेळी चालली नाही, असे गंभीर प्रसंग उघड झाले. त्यानंतर डिसेंबर २०२३मध्ये तिथल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी सरकारपुढे सनद स्वीकारली, आणि ज्यांचा भार अशा साधनांवर आहे त्यांची जोडणी खातरजमा केल्याशिवाय जबरदस्तीने बदलायची नाही, असे ठरले. ते जुने जाळे डिसेंबर २०२५मध्ये पूर्ण बंद व्हायचे होते. ती मुदत पुढे जानेवारी २०२७पर्यंत वाढवण्यात आली.

आईंकडे असे कोणते साधन असेल, तर ते बनवणाऱ्याला विचारून नव्या जोडणीवर प्रत्यक्ष कळ दाबून पाहावी. पलीकडून माणसाचा आवाज येईपर्यंत जुनी तार तोडू नये. शिवाय इंटरनेटवरचा फोन आणीबाणीच्या सेवेला घराचा पत्ता सांगतो तो खात्यात नोंदलेला असतो तोच. जोडणी आपल्या नावावर आणि पत्ता आपल्या घरचा, असे झाले असेल तर मदत भलत्याच दारात जाईल. नव्या खात्यावर आईंच्या घराचा पत्ता बरोबर आहे ना, हे आजच पाहावे.


हिशेबनीस

क्रमांक आणि कागदपत्रांविषयी मी लिहितो. आधी माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो, म्हणजे मी पुढे लेखी, लेखी असे का म्हणत राहतो ते कळेल.

चार वर्षांपूर्वी मी स्वतःची लँडलाइन ग्राहक केंद्राला फोन करून बंद करायला सांगितली. पलीकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे ‘झाले सर, आपली विनंती नोंदवली’ असे सांगितले. मी तक्रार क्रमांक मागितला नाही. दोन दिवसांत टोन गेला, त्यामुळे काम झाले असेच मी धरून चाललो. पाच महिन्यांनी बँकेचे विवरण चाळताना दिसले की दर महिन्याला भाडे कापले जातच होते. चौकशी केली तेव्हा कळले की तो टोन बिघाडामुळे गेला होता. खाते बंद करण्याची कसलीही नोंद नव्हती, आणि मी फोन केला होता हे दाखवायला माझ्यापाशी काहीही नव्हते. ते पैसे मला परत मिळाले नाहीत.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या बाबतीत क्रम चुकला तर क्रमांक जाईल आणि तो परत मिळवणे जवळपास अशक्य होईल, म्हणून पुढचे सावकाश वाचावे.

क्रमांक नव्या कंपनीकडे न्यायचा असेल, म्हणजे पोर्ट करायचा असेल, तर जुनी जोडणी त्या क्षणी जिवंत असावी लागते. स्वतः अर्ज करून लाइन बंद केली की क्रमांक कंपनीच्या साठ्यात परत जातो, ठरावीक काळ राखून ठेवला जातो आणि मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यामुळे जुन्या कंपनीला ‘बंद करा’ असे आधी सांगायचे नाही. नव्या कंपनीला ‘हा क्रमांक घेऊन या’ असे सांगायचे, आणि पुढची मागणी ती कंपनी करते. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक असा नेण्याची सोय सगळ्या देशांत नाही. काही ठिकाणी ती केवळ मोबाइल क्रमांकांना आहे, काही ठिकाणी एकाच विभागापुरती आहे. तेव्हा फायबर कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि उत्तर ईमेलवर मागावे.

पोर्टच्या मागणीवरचे नाव आणि पत्ता जुन्या बिलाशी जुळला नाही, तर मागणी सर्रास फेटाळली जाते. इथे आपली खरी अडचण आहे, कारण बिल वडिलांच्या नावावर आहे. म्हणून सर्वांत आधी जुन्या कंपनीकडे जोडणी आईंच्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी मृत्यूचा दाखला, आईंचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे पत्र मागितले जाण्याची शक्यता आहे. बदललेल्या नावाचे एक तरी बिल हातात आल्यावरच पोर्टची मागणी करावी. यात एक-दोन महिने जादा भाडे जाईल. भावाला तेवढे समजावून सांगावे.

क्रमांक नेता येणारच नसेल, तर निदान घाई तरी करू नये. निदान पूर्ण एक बिलाचा काळ दोन्ही फोन चालू ठेवावेत आणि जुन्यावर कोणाकोणाचे फोन येतात, ते तारखेसह वहीत टिपावे. आठवणीतून केलेल्या यादीत नेहमीची माणसे येतात. वर्षातून एकदा फोन करणारी येत नाहीत. बँक, विमा, दवाखाना, निवृत्तिवेतन कार्यालय यांच्याकडचा नोंदणीकृत क्रमांक याच काळात बदलून घ्यावा. काही बँका पडताळणीचा आकडा फोनवर बोलून सांगतात आणि तो जुन्या लँडलाइनवरच जात असतो. असा क्रमांक उद्या परक्या घरात वाजला, तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. जुन्या कंपनीने ब्रॉडबँडसोबत दिलेला ईमेल पत्ता आई वापरत असतील, तर तोही खात्याबरोबर जाऊ शकतो. त्यातली पत्रे आधी उतरवून घ्यावीत.

क्रमांक गेल्यावर खाते आपोआप मिटले असे समजू नये. आपल्याकडे त्या एकाच तारेवर फोन आणि इंटरनेट अशा दोन सेवा होत्या. फोनचा क्रमांक निघून गेला, तरी ब्रॉडबँडचे भाडे आणि मोडेमचे भाडे चालू राहू शकते. म्हणून लेखी अर्ज द्यावा, त्यात ग्राहक क्रमांक, दोन्ही सेवांची नावे आणि कोणत्या तारखेपासून बंद करायच्या ती तारीख लिहावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीसह पोच घ्यावी. कंपनीचे मोडेम, अडॅप्टर आणि फोन परत द्यायचे असतील, तर त्यांच्या मागच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून मगच द्यावेत आणि त्याचीही पोच घ्यावी. अनामत रकमेची जुनी पावती वडिलांच्या कागदांत सापडते का, तेही पाहावे.

बँकेतली आपोआप होणारी वजावट सगळ्यांत शेवटी थांबवावी. आधी थांबवली तर अंतिम बिल थकते, त्यावर दंड चढतो आणि अनामत त्यातच वळती होते. अंतिम बिल भरले, थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला, की लगेच वजावट बंद करावी. त्यात मात्र एक दिवसही उशीर करू नये.

अर्ज दिल्यावर सवलत देऊ करणारे फोन येतील. ते फोन करणाऱ्यांचे ते कामच आहे, त्यांच्यावर चिडू नये, पण फोनवर कशालाही होकार देऊ नये. आपला निर्णय अर्जात लिहिला आहे, एवढेच सांगावे.


उंबरठा

माझे मत थोडे वेगळे आहे. आई एकट्या राहतात, अंधारात त्यांना तो फोन सापडतो, वीज नसताना तो चालतो. मग काही भाडे वाचवण्यासाठी एवढे सगळे करण्यापेक्षा ती लाइन आहे तशी राहू द्यावी, असे मला मनापासून वाटते. इंटरनेट नव्या तारेवर, फोन जुन्या तारेवर, असे दोन वेगळे मार्ग असले, तर एक बंद पडला तरी दुसरा उरतो.


तारयंत्री

उंबरठा यांचा मुद्दा वजनदार आहे आणि आईंची लाइन सुस्थितीत असती तर मीही तेच सांगितले असते. पण मृदगंध यांनी लिहिले आहे की जुने इंटरनेट वरचेवर तुटत होते. बोलण्याचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत असतो आणि तांब्यावरचे एडीएसएल इंटरनेट त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालते. जोड ओलावला किंवा गंजला की वरच्या पट्ट्यातले इंटरनेट आधी मरते आणि बोलणे काही काळ बरे ऐकू येते, त्यामुळे फोन ठीक आहे असा समज होतो. पुढे खरखर सुरू होते, आणि मग एक दिवस टोन जातो. ज्या तारेची आता डागडुजी होत नाही, तिच्यावर आईंची रात्र सोपवणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे असे की तांब्याची जाळी सगळीकडेच मोडीत निघत आहेत. ब्रिटनचे वर आलेच आहे. फ्रान्सनेही २०३०पर्यंत तांब्याचे जाळे बंद करायचे ठरवले आहे. कंपनीने तारीख सांगितल्यावर घाईने बदलण्यापेक्षा आज, दोन्ही जोडण्या हाताशी असताना, सावकाश बदललेले बरे.

मात्र दोन मार्ग असावेत, हे त्यांचे म्हणणे सोडू नये. दुसरा मार्ग म्हणून आईंचा मोबाइल पलंगाजवळ कायम चार्जरला लावलेला असावा. मोबाइलचे मनोरेही बॅटरीवर मर्यादित तास चालतात, पण यूपीएस आणि मनोरा एकाच वेळी संपण्याची शक्यता पुष्कळ कमी आहे.


मृदगंध

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांनी सुचवल्याप्रमाणे फायबर कंपनीला ईमेल केला. क्रमांक आणता येईल, नाव मात्र बिलाशी जुळले पाहिजे, असे लेखी उत्तर आले. आईच्या नावावर जोडणी करण्याचा अर्ज काल दिला आणि पोच घेतली. वडिलांच्या फायलीत अनामत रकमेची पावतीही मिळाली. तिच्या मागे त्यांनी पेन्सिलीने आमचा फोन नंबर लिहून ठेवला होता, तो ज्या दिवशी मिळाला त्या तारखेसह.

आता एक नवा प्रश्न आहे. जुन्या लाइनवरून घरात आतून वायर फिरवलेली आहे आणि स्वयंपाकघरातही एक फोन आहे. भाऊ म्हणतो की ओएनटीच्या फोनच्या भोकातून एक वायर काढून ती भिंतीवरच्या जुन्या रोझेटमध्ये खोचली, तर दोन्ही फोन वाजू लागतील. तसे करता येते का?


तारयंत्री

करता येते, पण आज मुळीच करू नका. आजच्या घडीला त्या रोझेटमध्ये बाहेरची लाइन जिवंत आहे. ओएनटी स्वतः फोनला दाब पुरवते आणि बाहेरून एक्स्चेंजचाही दाब येतो आहे, अशा वेळी दोघांची गाठ घातली आणि वरून घंटेचा दाब आला, तर ओएनटीचा पोर्ट जळू शकतो.

क्रमांक नव्या बाजूला आला आणि ओएनटीत थेट लावलेल्या फोनवर तो वाजला, की मग बाहेरून येणारी जोडी रोझेटमधून सोडवावी. दोन्ही टोके वेगवेगळी टेपने गुंडाळावीत, एकमेकांना चिकटू देऊ नयेत, आणि डबीतच वळवून ठेवावीत. टोन नाही म्हणून तार मेली असे समजू नये. क्रमांक काढला तरी एक्स्चेंजकडून दाब काही दिवस येत राहू शकतो, म्हणून मीटर लावून पाहावे किंवा हे काम माहीतगाराकडून करून घ्यावे. त्यानंतर ओएनटीची वायर रोझेटच्या घरातल्या बाजूला जोडावी. जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर, म्हणजे एकाच तारेवरचे फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी, मध्ये राहिला असेल, तर तो काढून टाकावा. आता त्याचे काही काम नाही. दोन फोनांची घंटा साधारणपणे निभते. घंटा अशक्त वाजू लागली तर स्वयंपाकघरातला फोन काढावा, आईंचा नव्हे.


मृदगंध

साडेनऊ आठवड्यांनी लिहिते आहे. नाव बदलून आलेले बिल मिळाल्यावर पोर्टची मागणी केली. पहिल्यांदा ती परत आली, कारण पत्त्यात घर क्रमांक एका कागदावर आकड्यात आणि दुसऱ्यावर अक्षरात होता. दुरुस्त करून पुन्हा दिल्यावर आठवड्याभरात क्रमांक नव्या डबीवर आला. मी मोबाइलवरून तो फिरवला आणि आईने आतून उचलला. तिला फरक जाणवला तो एकच: पूर्वी टोनच्या मागे बारीक घरघर असे, ती आता नाही.

यूपीएसची चाचणी रविवारी घेतली. ओएनटी आणि राउटर दोन्ही जोडलेले असताना टोन दोन तास चाळीस मिनिटे टिकला. मग राउटर काढून, एकट्या ओएनटीवर पुढच्या रविवारी पुन्हा पाहिले, तेव्हा पाच तासांच्या वर गेला. आम्ही दुसरी व्यवस्था ठेवली आहे. आईचा मोबाइल तिपाईवर चार्जरला बांधून ठेवला आहे, म्हणजे तो दुसऱ्या खोलीत जाणारच नाही. बँक आणि दवाखान्याकडे क्रमांक बदलण्याची वेळ आली नाही. जुन्या ब्रॉडबँडचे खाते लेखी अर्ज देऊन बंद केले, मोडेमची पोच घेतली. थकबाकी नसल्याचा दाखला काल आला आणि वजावट आज सकाळी थांबवली.

एकच विचारायचे राहिले. बाहेरच्या भिंतीवरून खिडकीपर्यंत आलेली जुनी काळी तार आता लोंबकळते आहे. ती कापून टाकावी का?


तारयंत्री

कापू नका. ही बाहेरून घरात येणारी तार, म्हणजे ड्रॉप वायर, बहुधा कंपनीच्या मालकीची असते आणि वरच्या डीपीत, म्हणजे जिथून घरोघरी तारा वाटल्या जातात त्या पेटीत, ती अजून जोडलेली असेल. ती सोडवून नेण्याविषयी कंपनीला अर्ज करा आणि त्याचीही पोच घ्या. तोपर्यंत तिचा झोल खिडकीच्या वर भिंतीला क्लिप मारून बांधून ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत घरात येणार नाही.